बुलेटचा ठोका सायलेन्सरमध्ये नसतो!

जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यावरून रोड रोलर फिरवतानाचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. तरी पोरं पुन्हा नवा सायलेन्सर बसवतात. का, तर ‘जुन्या बुलेटचा फील पाहिजे’.

गंमत अशी, की तो ठोका मुळात इंजिनाचा. जुन्या ३५० सीसी बुलेटला एकच सिलिंडर, त्याचा व्यास ७० मिमी आणि स्ट्रोक तब्बल ९० मिमी. इंजिन सावकाश फिरायचं, म्हणून प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायचा. आजच्या गाडीला पोकळ नळकांडं लावलं की ठोका बदलत नाही, गोंगाट तेवढा वाढतो. आणि ते ‘फटाके’? न जळलेलं पेट्रोल गरम पाइपात पेटतं, बस्स. म्हणजे तुमच्याच पैशाचा धूर.

१७५ सीसीवरील दुचाकी कारखान्यातून बाहेर पडताना तिच्या आवाजाची मर्यादा ८० डेसिबल असते. ती रस्त्यावर मोडली, तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९०(२) लागू शकतं: पहिल्याच वेळी १० हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वर लायसन्स तीन महिने बाद. पॉकेटमनीवर चालणाऱ्याने हा हिशेब आधी करावा.

मला खटकतं ते वेगळंच. रोलरखाली जातो तो तुमचा सायलेन्सर. विकणारा मात्र खोक्यावर ‘फक्त ऑफ-रोड वापरासाठी’ छापून मोकळा. कॉलेजच्या गेटसमोर कुठला आलाय ऑफ-रोड?