गोठ्याकडची भिंत

धाब्याच्या जुन्या दगडी घराचा दुरुस्ती-आराखडा पाहायला घेतला की पहिलं काम बहुतेक वेळा ठरलेलं असतं : गोठा पाडणे. दावणीला जनावरं उरलेली नाहीत, सणाला गावी येणाऱ्या मुलाबाळांसाठी न्हाणीघर हवं आहे. घरमालकाची गरज खरी आहे, तिच्याशी भांडण नाही. हरकत आहे ती आपण वास्तुरचनाकार आणि अभियंते गोठ्याला घराबाहेरची वस्तू समजून मोकळे होतो याला. लातूर, धाराशिव, सोलापूर या पट्ट्यातल्या कितीतरी घरांत सोपा आणि गोठा यांच्यामध्ये एकच भिंत असते आणि दोन्हीकडच्या तुळया तिच्यातच शिरलेल्या असतात. गोठा काढला की त्या भिंतीला आडवा धरणारा आधार जातो, आणि तुळयांची उघडी भोकं तेवढी मागे राहतात.

ही भिंत जवळून पाहण्यासारखी असते. जाडी दोन फुटांपासून चार फुटांपर्यंत. बाहेरून एकसंध दिसली तरी ती मुळात दोन भिंती आहेत : आत एक थर, बाहेर एक थर, आणि मधल्या पोकळीत माती आणि चिपांची भर. गव्हाणीच्या बाजूने खालचे दोन-तीन फूट तपासा. वर्षानुवर्षं मुरलेल्या गोमूत्रामुळे तिथं पांढरा खार फुटलेला असतो, सांध्यातली माती बोटानं कोरली तरी सुटते. घराच्या बाजूनं मात्र गिलावा शाबूत दिसतो, म्हणून पाहणी अहवालात भिंत 'चांगली' ठरते. त्यावर सिमेंटचा गिलावा चढवला तर ओल बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ती भिंतीत आणखी वर चढते. पुढं काही पावसाळ्यांनी भिंतीला पोट सुटतं.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात काय झालं हे आपल्या व्यवसायाला पाठ असायला हवं. सुमारे ८ हजार माणसं गेली. दोष काळ्या दगडावर आला आणि तिथंच विचार थांबला. पण अनेक घरांत भिंतीचे दोन थर एकमेकांपासून सुटून कोसळले, कारण मिस्त्री ज्याला 'थ्रू' म्हणतात तो आरपार दगड त्यांत नव्हताच. वर माळवदाचं ओझं. गळती थांबवायला दर पावसाळ्याआधी पांढऱ्या मातीचा नवा थर पडायचा, जुना काढला जायचा नाही. काही ठिकाणी तो दोन-अडीच फुटांवर गेला होता. दोन फूट माती म्हणजे चौरस मीटरला जवळपास एक टन. अडीच मीटर चौरसाच्या एका खणावर सहा टनांचं ओझं येतं, तेही आडवे-तिरपे आधार नसलेल्या खांबांवर. तरीही काही घरांत भिंती पडल्या आणि लाकडी खणांचा सांगाडा माळवदासकट उभा राहिला. आपल्या सुतारांच्या हातातलं हे शहाणपण आपण नीट अभ्यासलं नाही, याची खंत वाटते.

त्यानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. सरळ रस्ते, आखीव प्लॉट. जनावरं कुठं बांधायची, कडबा कुठं रचायचा, याचं उत्तर बऱ्याच घरांच्या नकाशात नव्हतं. लोकांनी ते मागाहून पत्रे ठोकून स्वतःच शोधलं.

उपाय अवघड नाहीत. भारतीय मानक १३८२८ सांगतं की आरपार दगड उंचीत दर ६० सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त १.२ मीटरवर हवा. उभ्या भिंतीतही तो नंतर घालता येतो : हलक्या हातानं दोन्हीकडचे एकेक दगड काढायचे, आरपार भोक करायचं, टोकं वाकवलेली सळी ठेवून काँक्रीट भरायचं. सब्बल आणि हातोड्याचं काम आहे, ड्रिल मशीन लावू नका; हादऱ्यानं मधली भर खाली बसते. माळवदाची जादा माती उतरवताना आधी टेकू द्या, आणि एक खण रिकामा करून दुसरा भरलेला ठेवू नका. गोठ्याकडची खारावलेली माती खरवडून सांधे चुन्यानं भरा. हे सगळं झाल्यावरच गोठ्याचं काय करायचं ते ठरवा. बहुतेकदा न्हाणीघर परसात घेता येतं आणि गोठ्याची खोली होते. गव्हाण पक्की असेल तर ती बैठकीला चालते. पाडायचाच असेल, तर मधल्या भिंतीला काटकोनात टेकणारे आधार आधी बांधा.

पुढील अंकापासून दगडी घरांच्या दुरुस्तीवरचे लेख घेताना आम्ही एक अट घालत आहोत. लेखासोबत मधल्या भिंतीचा उभा छेद हवा, घर आणि गोठा दोन्ही दाखवणारा, मोजमापांसह. माळवदातल्या मातीची जाडी जागेवर खणून मोजलेली असावी. आरपार दगड सापडले तर त्यांच्या जागा दाखवा. सापडले नाहीत तर तसंही स्पष्ट लिहा. कामावरच्या बेलदाराचं आणि सुताराचं नाव, त्यांची हरकत नसेल तर, लेखकाच्या नावाशेजारी छापलं जाईल.