जुगाराला चुकारा नाही

कार्तिक शुद्ध प्रतिपदा म्हणजे आपला पाडवा. याच तिथीला ‘द्यूतप्रतिपदा’ असेही नाव आहे. या दिवशी शंकर-पार्वती फासे खेळली आणि शंकर हरले, अशी कथा सांगतात. अंगाला भस्म फासणाऱ्या शंकरांकडे हरायला होते तरी काय, हा प्रश्न निराळा. पण पार्वतीने जिंकलेले तिच्या पदरात पडले की नाही, याची चौकशी करणारा पुराणिक माझ्या ऐकिवात नाही. जुगाराविषयी विचारायचा खरा प्रश्न मात्र हाच आहे. जिंकणे ही एक गोष्ट आणि जिंकलेले हाती पडणे ही दुसरी.

आपल्या स्मृतिकारांना हा भेद ठाऊक होता. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात द्यूताचे स्वतंत्र प्रकरण आहे. फडाच्या मालकाला तेथे ‘सभिक’ म्हटले आहे. हरलेल्याकडून वसूल करून जिंकलेल्याला देणे, हे त्याचे काम. शिवाय राजानेही जिंकलेल्याला त्याचे धन देववावे असे सांगितले आहे. अट एवढीच, की फड उघड असावा, सभिक हजर असावा आणि राजाचा भाग राजाला पोचलेला असावा. चोरून खेळणाऱ्याला दाद नाही. कौटिल्याचा द्यूताध्यक्ष तर जिंकलेल्या रकमेतून शेकडा पाच कापून घेई.

आजचे सरकार शेकडा तीस आयकर घेते, वर उपकर निराळा. आणि हरलेली रक्कम त्यातून वजा करू देत नाही. बरे, भाग घेतला म्हणून राजाप्रमाणे वसुलीला उभे राहते म्हणावे, तर तेही नाही. १८७२ च्या करार अधिनियमाचे तिसावे कलम सांगते, की पैजेचा करार पोकळ आहे. जिंकलेल्या रकमेसाठी दावा लावता येत नाही. घोड्यांच्या शर्यतीतील काही बक्षिसांपुरता अपवाद आहे, इतकेच.

‘पोकळ’ म्हणजे काय, हे आम्हां बुलढाणेकरांना कापसावरून चटकन समजेल. १८७० साली लॉर्ड मेयो खामगावला आला तो तेथील रेल्वेच्या फाट्याच्या आणि कापूसबाजाराच्या उद्घाटनाला. तेव्हापासून इथल्या शेतकऱ्याच्या कितीतरी पिढ्या बाजारात गाडी सोडत आल्या. काटा होतो, हिशेबपट्टी हाती पडते आणि मग चुकारा. चुकारा रखडला तर भांडायला बाजार समिती आहे, हाती पट्टी आहे.

त्याच कापसातून मुंबईत ‘आकडा’ निघाला, ही मोठी मौज. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचा उघडता व बंद होता भाव तारेने मुंबईत येई आणि त्यावर लोक पैसे लावीत. १९६१ साली ते भाव येणे थांबले. तेव्हा चिठ्ठ्या मडक्यात घालून आकडा काढू लागले आणि मटका जन्माला आला. कापूस गेला, आकडा राहिला. पट्टी गेली, चिठ्ठी राहिली. त्या चिठ्ठीमागे उभा असे तो फक्त घेणाऱ्याचा शब्द.

आता तरुण मंडळी सुटीत गोव्याला जातात, मांडवीवरच्या कॅसिनोच्या बोटींवरही डोकावतात. (खुद्द गोमंतकीयांना त्यांच्याच सरकारने २०२० पासून तेथे मज्जाव केला आहे, हे जाताना आठवावे.) तेथे व्यवहार परवान्याचा आहे. खिडकीवर पैसे देऊन चकत्या घ्यायच्या आणि उठताना त्याच खिडकीवर वटवायच्या. पण बसण्यापूर्वीच विचारावे, की यांतल्या कोणत्या चकत्या वटतात. कारण भेटीदाखल दिलेल्या काही चकत्या फक्त खेळण्यापुरत्याच असतात. दुसरे म्हणजे, एका दिवसात एकाकडून दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख घेण्यास २०१७ पासून मनाई आहे आणि दंड होतो तो घेणाऱ्याला. म्हणून मोठी रक्कम स्वतःच्या नावाने, स्वतःच्याच खात्यात घ्यावी आणि कापलेल्या कराचा दाखला मागून घ्यावा.

खरी काळजी मात्र बोटीची नाही, खिशातल्या फोनची आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला; असे पैसे फिरवण्यास त्याने बँकांनाही मनाई केली. म्हणून चोरट्या खेळवाल्यांचा पैसा परक्या, भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फिरतो. गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातला एक मुलगा अकरा हजार जिंकला. रक्कम आली ती कोणा अनोळखी माणसाच्या खात्यातून. त्या खात्यावर दूरच्या राज्यात फसवणुकीची तक्रार होती. पैशाचा माग काढीत पोलीस पोचले आणि या मुलाचेही खाते गोठले. ते वडिलांबरोबर जोडखाते होते. वडिलांचा कापसाचा चुकारा त्यातच जमा झालेला. रब्बीची पेरणी तोंडावर आणि घरात बियाण्याला पैसा नाही! बाप म्हणाला, “सर, पोरानं जिंकलं म्हणते, अन् घरात तर काहीच नाही.” या वाक्यावर मराठीच्या प्राध्यापकाने काय भाष्य करावे?

तेव्हा तीन गोष्टी घरातल्या मुलांना जरूर सांगाव्या. पैसे घ्यायला पिन घालावा लागत नाही. जो पिन घालायला सांगतो, तो देत नसतो, नेत असतो. खरा कर जिंकलेल्या रकमेतून कापला जातो. “आधी कर भरा, मग रक्कम सोडतो” म्हणणारा चोर समजावा. आणि दोन-चार हजारांच्या लोभाने आपले खाते कोणाला वापरायला देऊ नये. त्यातून फिरलेल्या चोरीचा जाब आपल्यालाच द्यावा लागतो.

एवढे सांगूनही कोणी विचारील, “सर, मग जिंकलेले पैसे काढण्याचा सर्वांत चांगला मार्ग कोणता?” त्याला उलट विचारावे: बाबा रे, ते दिले नाहीत तर तू कोणाच्या दारात जाऊन बसणार? चुकारा थकला तर तुझा बाप बाजार समितीच्या दारात बसू शकतो. तुझे दार कोणते, ते आधी दाखव. मग पैसे लाव.