आवडीची आकडेमोड

कोणी मनुष्य फावल्या वेळीं कांहीं रचीत, लिहीत किंवा घडवीत बसला कीं, आपल्या घरांतून पहिला प्रश्न ठरलेला असतो: "यांतून मिळणार काय?" हा प्रश्न अगदींच गैर आहे, असें आम्ही म्हणत नाहीं, जेथें मिळकत बेताची, तेथें तो सुचणारच. परंतु या एकाच मापानें सर्व कामें मोजलीं तर काय गमवावें लागेल, हें एका शाळामास्तरांच्या चरित्रावरून ध्यानीं येतें.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १९०५ सालीं डहाणू येथें झाला. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शिक्षक होते. विद्यापीठांत त्यांना आसन नव्हतें. शाळेचें काम सांभाळून संख्यांशीं खेळावें आणि त्यांत जें सांपडेल त्याच्या लहान पुस्तिका स्वतः छापून काढाव्या, हा त्यांचा छंद. कित्येक गणितज्ञ याला पोरखेळ समजत.

१९४९ सालीं त्यांनीं पुढें मांडलेला एक चमत्कार वाचकांनीं मुलांना जवळ बसवून पाटीवर करून पाहावा. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीहि चार अंकी संख्या घ्या, समजा, ३५२४. तिचे अंक उतरत्या क्रमानें मांडून ५४३२ व चढत्या क्रमानें २३४५, वजाबाकी ३०८७. पुन्हां तसेंच केल्यास ८७३० उणें ०३७८, म्हणजे ८३५२. आणि आणखी एकदां केल्यास ६१७४. पुढें कितीहि वेळां करा, उत्तर तेंच. आरंभीचें शून्य न गाळल्यास अशी प्रत्येक संख्या फार तर सात वजाबाक्यांत येथेंच येऊन ठेपते.

या शोधानें कापरेकरांचें घर भरलें नाहीं. निवृत्तिवेतन पुरेना, म्हणून उतारवयांत त्यांना शिकवण्या कराव्या लागल्या. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं अमेरिकेंतील 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकांत त्यांच्यावर लिहिलें, तेव्हां त्यांचें नांव जगभर झालें. त्या वेळीं त्यांना सत्तर वर्षें पुरीं झालीं होतीं. कीर्तीची वाट पाहून ते आंकडे मांडीत असते, तर मधल्या सव्वीस वर्षांत पाटी केव्हांच खालीं ठेवती. आनंद मात्र त्यांना रोजच्या रोज मिळत होता.

काव्यप्रकाशकार मम्मटानें काव्याचीं प्रयोजनें सांगतांना यश व अर्थ यांना आरंभींच स्थान दिलें. तीं त्याज्य मानलीं नाहींत. परंतु सर्व प्रयोजनांचें शिरोभूषण म्हणून त्यानें गौरविला तो तत्काळ उत्पन्न होणारा आनंदच.

यास्तव पोटाचा उद्योग अवश्य नेटानें करावा. पण आवडीचें काम त्याच्या जमाखर्चाच्या वहींत लिहूं नये. आणि घरांतील कोणी अशा कामांत गढलेला दिसला, तर "मिळणार काय?" असें न विचारतां, "आज काय सांपडलें?" असें एकदां विचारून पाहावें.