गॅलॅक्टोसेमिया : दूध न सोसणारे तान्हे बाळ

आईचे दूध हे नवजात बाळाचे अमृत मानले जाते आणि ते सार्थच आहे. तथापि क्वचित एखादे बाळ असे जन्माला येते, की तेच अमृत त्याच्या शरीराला सोसत नाही. या जन्मजात, आनुवंशिक विकारास गॅलॅक्टोसेमिया म्हणतात.

दुधातील लॅक्टोज या साखरेचे आतड्यात ग्लुकोज व गॅलॅक्टोज असे दोन भाग होतात. गॅलॅक्टोजचे पुढे रूपांतर करणारे ‘गॅल्ट’ नावाचे विकर या बाळांत जवळजवळ नसते. परिणामी गॅलॅक्टोज व त्यापासून बनणारे घातक पदार्थ यकृत, मेंदू, मूत्रपिंड आणि डोळ्यांत साचू लागतात.

जन्मतः बाळ गुटगुटीत व निरोगी दिसते. दूध सुरू झाल्यावर काही दिवसांतच चित्र पालटते. बाळ नीट ओढत नाही, वारंवार उलट्या करते, जुलाब होतात, वजन वाढत नाही. ते सुस्त व मलूल पडते. कावीळ ओसरण्याऐवजी वाढते, यकृत सुजल्याने पोट फुगते, सुई टोचलेल्या जागेतून रक्त लवकर थांबत नाही. काही बाळांच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसतो. ई-कोलाय जंतूंचा रक्तातील संसर्ग हा तर प्राणावर बेतणारा धोका होय.

घरात मात्र या लक्षणांचे अर्थ निराळे लावले जातात. ‘दृष्ट लागली’, ‘बाळंतिणीच्या खाण्यात काही आले’, असे बोलले जाते आणि गाईचे किंवा शेळीचे दूध सुरू होते. त्यातही लॅक्टोज असतेच. त्यामुळे बाळाला उतार पडत नाही आणि मोलाचे दिवस वाया जातात.

यात मातेचा कोणताही दोष नसतो. आई व वडील दोघेही निरोगी असून सदोष जनुकाचे वाहक असतात. अशा दांपत्याच्या प्रत्येक गर्भारपणात बाळाला विकार होण्याची शक्यता २५ टक्के असते. नात्यातील विवाहांत दोघेही एकाच जनुकाचे वाहक असण्याची शक्यता वाढते. पूर्वी घरात एखादे तान्हे बाळ कारण न कळता दगावले असेल, तर ही गोष्ट संकोच न करता डॉक्टरांना सांगावी.

निदान कठीण नाही. जन्मानंतर २४ तास उलटल्यावर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांवरून तपासणी करता येते. बाळाला रक्त चढवायचे असल्यास नमुना त्याआधीच घ्यावा. अन्यथा दात्याच्या रक्तामुळे अहवाल फसवा येऊ शकतो.

निदानाची दाट शंका येताच डॉक्टर आईचे व इतर सर्व दूध थांबवून सोयाबीनपासून बनविलेला लॅक्टोजविरहित शिशुआहार देतात. वेळेवर उपचार झाल्यास यकृत सावरते, प्राण वाचतात, प्रारंभीचा मोतीबिंदूही निवळू शकतो. पथ्य मात्र जन्मभराचे असते. ते पाळूनही पुढे काही मुलांना बोलण्यात वा शिकण्यात अडचणी येतात, तसेच बहुतेक मुलींत बीजांडकोशाचे कार्य मंदावते.

नवजात बाळांची कावीळ बहुधा साधीच असते. म्हणून केवळ शंकेपोटी घरच्या घरी स्तनपान बंद करू नये. परंतु कावीळ, उलट्या आणि मलूलपणा ही तिन्ही लक्षणे एकत्र दिसली, तर सकाळ होण्याची वाट न पाहता बाळाला रुग्णालयात न्यावे.