विश्लेषण : रक्ताची गुठळी रोखणारं औषध डुकराच्या आतड्यातून, दोरी मात्र चीनच्या हातात!

डायलिसिस, हार्ट अटॅक किंवा हृदयाचं ऑपरेशन असलं, की रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून हेपॅरिनचं इंजेक्शन देतात. हे औषध डुकराच्या आतड्याच्या आतल्या अस्तरापासून बनतं. कत्तलखान्यातला हा माल सगळ्यात जास्त येतो चीनमधून.

खरी अडचण इथंच आहे. २००८ मध्ये चिनी मालात भेसळ निघाली, अमेरिकेत रुग्ण दगावले. २०१८ मध्ये चीनमधल्या डुकरांत आफ्रिकन स्वाइन फिव्हर पसरला. चीनकडून येणारा कच्चा माल महागला आणि जून २०२० मध्ये आपल्या सरकारलाही हेपॅरिनची कमाल किंमत ५० टक्के वाढवून द्यावी लागली.

मग गोळी का नाही? हेपॅरिनचा रेणू मोठा असतो. पोटात घेतला तर रक्तात जवळपास उतरतच नाही. त्यावर प्रयोग झाले, पण गोळी अजून दवाखान्यापर्यंत आलेली नाही. वॉरफरिनची गोळी वेगळी; ती प्राण्यांपासून बनत नाही आणि तिचा पूर्ण असर व्हायला काही दिवस लागतात.

ब्राझीलमध्ये गाई-बैलांच्या आतड्यापासूनही हेपॅरिन बनवतात. म्हणजे दुसरा रस्ता आहे. जीव वाचवणाऱ्या औषधासाठी एकाच देशाच्या तोंडाकडे बघत बसणं परवडणारं नाही. आणि हो, डॉक्टरांना विचारल्याशिवाय इंजेक्शनऐवजी गोळी सुरू करू नका.