संकेतस्थळाची पत

दुकान मोक्याच्या जागी असावे म्हणून मागील पिढ्यांनी पेठेत भरभक्कम पागडी मोजली. आज त्याच दुकानाचे गिऱ्हाईक घराबाहेर पाऊल टाकण्यापूर्वी हातातील मोबाइलवर शोध घेते, आणि समोर आलेल्या पहिल्या चार-पाच नावांपलीकडे सहसा जात नाही. त्यामुळे अनेक पेढ्यांनी संकेतस्थळ उभारले. वर्ष लोटले तरी त्यावरून चौकशीचा एकही फोन आला नाही, की घरातील वडीलधारी मंडळी विचारतात, ‘खर्च झाला, गिऱ्हाईक कोठे आहे?’ हा प्रश्न अगदी रास्त आहे. मात्र नेमक्या याच वेळी कोणीतरी ‘एका महिन्यात गूगलवर पहिला क्रमांक, हमखास’ असे सांगत दारात उभा राहतो. त्याला होकार देण्यापूर्वी हा क्रमांक ठरतो कसा, हे समजून घेणे हिताचे ठरेल.

क्रमांक ठरतो कसा

शोधयंत्राची स्वयंचलित प्रणाली जगभरची पाने वाचते, त्यांची सूची करते आणि प्रश्न येताच त्या सूचीतून उपयुक्त वाटणारी पाने क्रमाने मांडते. लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी 1998 मध्ये गूगल कंपनी स्थापन केली, तेव्हा त्यांच्या पद्धतीचा गाभा एका साध्या विचारावर उभा होता: एका पानाने दुसऱ्या पानाकडे दिलेला दुवा म्हणजे एक प्रकारची शिफारस, आणि ज्याची स्वतःची पत मोठी त्याच्या शिफारशीला वजन अधिक. नव्या व्यापाऱ्याला उधारी देताना जुन्या पेढीचा शब्द विचारात घेणाऱ्यांना ही रीत अपरिचित वाटू नये. आता या कसोटीत इतर अनेक गोष्टींची भर पडली आहे.

जाहिरातीची जागा पैसे देऊन मिळते आणि तिच्यावर तशी नोंद असते. त्याखालील नैसर्गिक क्रमांक मात्र विकत मिळत नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असे गूगल स्वतःच सांगते. सुधारणा करून त्यांचे फळ दिसण्यास साधारण चार महिने ते एक वर्ष लागते, असेही तिचे मार्गदर्शन आहे.

आडवाटेची किंमत

आडवाटेने गेलेल्या बड्या कंपन्यांनाही त्याची किंमत मोजावी लागली आहे. शोधयंत्राला एक मजकूर आणि ग्राहकाला दुसरा दाखविल्यामुळे बीएमडब्ल्यूचे जर्मन संकेतस्थळ 2006 मध्ये गूगलच्या सूचीतून काही काळ काढून टाकले गेले. 2011 मध्ये अमेरिकेतील जे. सी. पेनी या दुकानसाखळीसाठी असंबद्ध संकेतस्थळांवर हजारो दुवे पेरले गेल्याचे न्यूयॉर्क टाइम्सने उघडकीस आणले. अनेक वस्तूंच्या शोधात अग्रस्थानी असलेले तिचे नाव अल्पावधीत खूप खाली ढकलले गेले. आपल्याला याची कल्पना नव्हती, असे सांगून कंपनीने सल्लागाराशी संबंध तोडले. पण घसरलेला क्रमांक तिचाच होता. मुनीमाने केलेला व्यवहार अखेर पेढीच्याच नावावर पडतो. म्हणून ‘काम कसे करणार?’ हा प्रश्न ‘किती घेणार?’ याच्या आधी विचारावा.

गिऱ्हाईक विचारते ते पानावर असावे

सांगलीच्या हळद व्यापाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या संकेतस्थळावर ‘गुणवत्ता हीच आमची परंपरा’ एवढेच वाक्य असेल, तर शोधयंत्राला त्यातून काही कळत नाही आणि गिऱ्हाइकालाही. खरेदीदार शोधतो ते ‘राजापुरी हळद घाऊक भाव’. त्याला माल हळकुंड आहे की भुकटी, गोणी किती किलोची, किमान किती माल घ्यावा लागेल, नमुना मिळेल काय, माल किती दिवसांत निघेल, हे जाणून घ्यायचे असते. गादीवर बसून जे प्रश्न रोज ऐकू येतात, ते महिनाभर वहीत टिपावेत आणि त्यांची सरळ उत्तरे पानावर द्यावीत. प्रत्येक मालासाठी स्वतंत्र पान, नेमके शीर्षक आणि छायाचित्राखाली मालाचे नाव असावे. भाव दिल्यास त्याची तारीख द्यावी. मराठी गिऱ्हाईक मोठे असेल, तर मराठी मजकूरही आवर्जून असावा.

दारातील अडथळे

गूगल आता मुख्यत्वे पानाची मोबाइलवरील आवृत्ती वाचते. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसावा आणि बटण दाबल्यावर 200 मिलिसेकंदांच्या आत प्रतिसाद मिळावा, ही तिची मापे आहेत. वाचता वाचता मजकूर खाली सरकला आणि भलतेच बटण दाबले गेले, हाही दोषच. मंद गतीचे नेहमीचे कारण म्हणजे कॅमेऱ्यातून काढून जशीच्या तशी चढविलेली भली मोठी छायाचित्रे. पेजस्पीड इनसाइट्स या विनामूल्य साधनात पत्ता टाकला की असे दोष दिसतात. तथापि सर्वांत चांगली परीक्षा घरातच होते: आजीच्या हाती साधा मोबाइल द्यावा आणि पेढीचा फोन नंबर शोधण्यास सांगावे. जेथे त्या अडखळतील, तेथेच गिऱ्हाईकही परत फिरते.

सोयीच्या नावाखाली फसगत नसावी. शेवटच्या टप्प्यावर अचानक वाढणारी रक्कम, न मागता टोपलीत पडलेली वस्तू, ‘दोनच नग उरले’ अशी खोटी घाई, या युक्त्या केंद्र सरकारच्या 30 नोव्हेंबर 2023 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अनुचित ठरतात. त्यांत अशा 13 प्रकारांची यादी आहे. विकत घेतलेल्या अभिप्रायांपासूनही दूर राहावे. समाधानी गिऱ्हाइकाला खरा अभिप्राय लिहिण्याची विनंती करण्यात मात्र संकोच नसावा.

किल्ल्या घरातच असाव्यात

संकेतस्थळाचे नाव सल्लागाराच्या नव्हे, पेढीच्याच नावावर नोंदलेले असावे. त्याची मुदत व पासवर्ड घरातील दोन व्यक्तींना ठाऊक असावेत. संबंध बिघडल्यावर वर्षांची कमाई असलेले नाव परक्याच्या हाती राहणे, हा आडवाटेहून मोठा धोका आहे. गूगल बिझनेस प्रोफाइलवर पत्ता, वेळ, सुट्टीचे दिवस आणि फोन नंबर अचूक भरावा. तोच तपशील संकेतस्थळावर आणि बिलावर असावा.

सर्च कन्सोल या विनामूल्य सेवेत कोणते शब्द टाकून लोक पानापर्यंत आले, याची नोंद मिळते. महिन्याचा हिशेब मांडताना त्या नोंदीशेजारी आलेल्या चौकश्या आणि प्रत्यक्ष झालेली विक्री लिहावी. क्रमांक चढला पण चौकशी वाढली नाही, तर पानावर काहीतरी अपुरे आहे. चौकशी वाढली पण विक्री नाही, तर उणीव भावात, मालात किंवा उत्तर देण्यातील विलंबात शोधावी. हा तीन रकान्यांचा तक्ता येत्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून सुरू करावा आणि किमान सहा महिने तरी खंड पडू देऊ नये.