खेळाच्या तासाला एकच मूल बघा

पालकसभेत गणिताच्या सरांभोवती गर्दी असते, इंग्रजीच्या बाईंपुढे रांग असते. खेळाचे सर मात्र कोपऱ्यात बसून असतात. त्यांना कोणी काही विचारत नाही. आम्हीही आजवर विचारलं नव्हतं. म्हणून या महिन्यात जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतल्या एकेका हायस्कुलात जाऊन नववीचा शारीरिक शिक्षणाचा तास पूर्ण बघितला.

बघण्याचीही एक रीत आहे. मैदानावर नजर टाकली की धावणारी मुलं दिसतात, बसलेली दिसत नाहीत. १९९१ साली अमेरिकेत थॉमस मॅकेन्झी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर एक साधी पद्धत मांडली. एक मूल निवडायचं, आणि ते बसलंय, उभं आहे, चालतंय की धावतंय, हे ठरावीक सेकंदांनी टिपत जायचं. त्या वेळी शिक्षक काय करताहेत तेही लिहायचं. आम्ही आमच्यापुरतं ते सोपं करून घेतलं: हातात घड्याळ, मांडीवर वही आणि दर मिनिटाला एक खूण.

जुन्नर तालुक्यातल्या शाळेचं मैदान मोठं, समोर शिवनेरी. वर्गात ५४ मुलं. रांगा लावणं, सावधान-विश्राम, हजेरी यात दहा मिनिटं गेली. मग सरांना कार्यालयातून बोलावणं आलं. चेंडू एकच होता, तो दहा-बारा मुलांनी घेतला आणि क्रिकेट सुरू झालं. मुली लिंबाच्या झाडाखाली जाऊन बसल्या. आम्ही निवडलेली मुलगी ३५ मिनिटांत ११ मिनिटं उभी होती, १७ मिनिटं बसली, ५ मिनिटं चालली. धावली ती २ मिनिटं, तीही घंटा झाल्यावर वर्गाकडे.

आम्ही विचारलं, "तू खेळत नाहीस?"

ती म्हणाली, "खाला, अम्मीने चिठ्ठी दिलीय. वर्षभराची."

हे ऐकून आम्ही गप्प झालो. सरांना दोष द्यायला वही उघडली होती, आणि पहिली नोंद आपल्याच घराची निघाली. अशा चिठ्ठ्या आम्हीही लिहिल्या आहेत. ऊन लागेल, ओढणी सरकेल, लोक काय म्हणतील.

चार दिवसांनी आंबेगाव तालुक्यातल्या शाळेत गेलो. तिथे मैदान लहान आणि साहित्यही बेताचंच. वर्गात ४८ मुलं. बाईंनी मधल्या सुट्टीतच फक्कीने रेघा आखून ठेवल्या होत्या. हजेरी गटप्रमुखांनी घेतली, दोन मिनिटांत. खो-खोत एका वेळी आठ जण बसलेले, एक पाठलागावर आणि तीन पळणारे, म्हणजे बारा मुलं. एकच डाव मांडला असता तर ३६ मुलं काठावर बसली असती. बाईंनी तीन डाव मांडले, खांबांच्या जागी जुने टायर ठेवले. उरलेल्या बारांची लंगडी. दर आठ मिनिटांनी शिट्टी आणि गटांची अदलाबदल. मधूनच एखाद्या मुलीजवळ जाऊन त्या हळू आवाजात सांगत, "आधी गुडघा वाकव, मग वळ." एकीच्या पोटात दुखत होतं. तिला चारचौघांत कारण न विचारता त्यांनी तिच्या हाती घड्याळ दिलं आणि वेळ मोजायला बसवलं. डोक्याला स्कार्फ नीट पिन केलेल्या, सलवार-कुर्ता आणि बूट घातलेल्या तीन मुली खेळात होत्या. त्यांतल्या एकीवर आम्ही लक्ष ठेवलं. ३५ पैकी २१ मिनिटं ती पळत किंवा लंगडत होती.

दोन्ही शाळांत तास तेवढाच, पण एका मुलीला हालचाल मिळाली २ मिनिटं आणि दुसरीला २१. फरक पैशाचा नव्हता, आधी केलेल्या तयारीचा होता, आणि घरातून आलेल्या परवानगीचाही.

५ ते १७ वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं चांगला घाम निघेल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या भागात ती करायची कुठे? ऊस उभा राहिला की बिबट्याची भीती असते. अंधार पडायच्या आत मुलं घरात घ्यावी लागतात, मुली तर त्याहून आधी. त्यामुळे कित्येक मुलींसाठी शाळेतला हा तास एवढंच मैदान आहे.

कपड्यांचा प्रश्न सुटण्यासारखा आहे. डोकं झाकून खेळायला फुटबॉलच्या जागतिक संघटनेने २०१४ मध्ये आणि बास्केटबॉलच्या संघटनेने २०१७ मध्ये परवानगी दिली. आणि प्रेषितांनी (स.) हजरत आयेशा (रजि.) यांच्याबरोबर धावण्याची शर्यत लावली होती, हे हदीसच्या ग्रंथांत नोंदलेलं आहे. मग आपल्या मुलीच्या धावण्याला आपणच का अडवावं?

सरांची बाजूही ऐकली पाहिजे. पाचवी ते दहावीच्या सगळ्या वर्गांना खेळाचे शिक्षक एकच असतात. कोणी रजेवर गेलं की तो वर्ग त्यांच्याकडे, कार्यालयातली कामंही त्यांच्याकडे. परीक्षा जवळ आली की पहिला कापला जातो तो त्यांचाच तास. पालक गणिताच्या तासाबद्दल भांडतात, या तासाबद्दल कोणी भांडत नाही, हे मुख्याध्यापकांना ठाऊक असतं.

तेव्हा पुढच्या पालकसभेत खेळाच्या सरांपाशी जाऊन तीन गोष्टी विचारा. आठवड्यात ठरलेले तास खरंच होतात का? तासाला माझी मुलगी किती मिनिटं हलते? तिला खेळायला सोयीचं व्हावं म्हणून आम्ही घरून काय पाठवू, बूट, पिना, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट? जमलं तर परवानगी घेऊन एक तास स्वतः बघा.

आणि वर्षभराची चिठ्ठी दिली असेल, तर ती आधी परत मागून घ्या. मुलगी आजारी असेल त्या दिवसापुरती वेगळी चिठ्ठी देता येते.